घर दोघांचं, तर भाडं एकाचं कसं?

‘भाडं पात्र माणसाला मिळतं. नवरा-बायकोचं काय असेल ते कोर्टात बघा.’

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या वस्त्यांमध्ये हे उत्तर बिल्डरच्या साईट ऑफिसात मिळतं, सोसायटीच्या कमिटीत मिळतं आणि सरकारी टेबलावरही मिळतं. ते इतक्या ठामपणे दिलं जातं, की समोर उभ्या असलेल्या बाईला ते कायद्यातच लिहिलेलं असणार असं वाटतं आणि ती कागद पिशवीत घालून परत फिरते. कायद्यात तसं काही लिहिलेलं नाही. उलट, कायद्यात जे लिहिलं आहे ते या उत्तराच्या विरुद्ध जातं. हे उत्तर देणाऱ्यांची बाजू मी एकेक करून तपासणार आहे, कारण त्यातल्या काही मुद्द्यांना वरवर पाहता वजन आहे आणि ‘बाईवर अन्याय झाला’ एवढं म्हणून ते खोडले जात नाहीत.

मामला असा. योजना मंजूर व्हायची तर आधी सक्षम प्राधिकारी झोपडीधारकांची यादी तयार करतो. वस्तीत तिला सगळे ‘ॲनेक्शर टू’ म्हणतात. जुनी मतदारयादी, वीजबिल, फोटोपास असे पुरावे बघून त्यात पात्र आणि अपात्र ठरतं. मग पात्र कुटुंब झोपडी रिकामी करतं, झोपडी पडते, आणि नवी इमारत उभी राहून चावी मिळेपर्यंत विकासक एकतर संक्रमण शिबिरात खोली देतो किंवा बाहेर राहण्यासाठी भाडं देतो. भाड्याचा चेक साधारणपणे यादीतल्या नावाने निघतो. पुरावे जुने, वीजमीटर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाचं आणि बाई लग्न होऊन मागाहून आलेली, त्यामुळे यादीत नाव बहुतेक वेळा पुरुषाचं असतं.

आता नवरा निघून जातो. कुणी गावी जातो आणि परतत नाही, कुणी दुसरं घर मांडतो, कुणाचा फोनच लागेनासा होतो. चेक मात्र त्याच्याच खात्यात पडत राहतो. इकडे भाड्याच्या खोलीत बाई आणि मुलं आहेत आणि खोलीचा मालक महिन्याच्या पाच तारखेला तिच्या दारात उभा आहे. खोलीचा अकरा महिन्यांचा करार नवऱ्याच्या सहीचा असतो, डिपॉझिटही त्यानेच भरलेलं असतं, म्हणजे खोली सोडायची वेळ आली तर डिपॉझिट परत मागण्याचा कागदही तिच्याजवळ नसतो. नवी खोली बघायला गेली, की एजंटचा पहिला प्रश्न नवरा कुठे आहे हाच असतो.

मुंबईतल्या वर्सोव्यात या गोष्टीला आणखी एक धार आहे. यारी रोड, सात बंगला, चार बंगला इथल्या इमारतींमध्ये पोळ्या, भांडी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं सांभाळण्याचं काम ज्या बायका करतात, त्या या इमारतींना चिकटून असलेल्या वस्त्यांमधून येतात. (वर्सोवा कोळीवाडा यात धरू नये. तो मासेमारांचा जुना गाव आहे, झोपडपट्टी नव्हे. कोळी समाज हे वर्षानुवर्षं सांगत आला आहे आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.) तीन-चार घरची कामं धरलेली बाई सकाळी सातला पहिल्या दारात असावी लागते. म्हणून झोपडी पडल्यावर ती चालत जाण्याच्या अंतरातच खोली बघते, आणि या भागात खोलीचं भाडं काय असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. बिल्डरकडून येणारा चेक थांबला, की तिला मालवणी, नालासोपारा किंवा तरीने खाडी ओलांडून मढ गाठावं लागतं. लांब गेली, की सकाळचं पहिलं काम सुटतं, मग दुसरं, आणि मुलांची महापालिकेची शाळा अर्ध्या वर्षात बदलते. ज्या पैशाचं एकमेव प्रयोजन कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर ठेवणं हे आहे, तो पैसा छप्पर सोडून गेलेल्या माणसाकडे जातो आणि छपराखाली राहिलेली माणसं रस्त्यावर येतात. याला कुणी नियम म्हणत असेल तर त्याने तो नियम दाखवावा.

पहिला युक्तिवाद कराराचा. भाडं हा विकासक आणि पात्र झोपडीधारक यांच्यातला खाजगी करार आहे, ज्याने सही केली त्याला पैसे मिळणार, तिसऱ्या माणसाला त्यात जागा नाही, असं विकासकाचे लोक सांगतात.

दोन खाजगी माणसांनी चहा पीत केलेला हा व्यवहार आहे का? १९९५ च्या शेवटी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं ते १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यात दुरुस्ती करून. योजनेचे नियम विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(१०) मध्ये आहेत. विकासकाला विक्रीच्या इमारतीसाठी चटईक्षेत्र मिळतं ते या नियमाखाली, आणि झोपडीधारकाला फुकट घर मिळतं तेही याच नियमाखाली. सुरुवातीला २२५ चौरस फुटांचं असलेलं हे घर पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं झालं. पूर्वी योजनेला ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागे, ती आता ५१ टक्क्यांवर आणली आहे. म्हणजे ज्याने संमती दिलेली नाही त्यालाही झोपडी रिकामी करावी लागते आणि न केल्यास कायद्याने त्याच्यावर कारवाई होते. खाजगी करारात सही न करणाऱ्याचं घर पाडता येत नाही. घर पाडताना ही सार्वजनिक योजना आणि भाडं देताना खाजगी करार, असं सोयीप्रमाणे बदलता येणार नाही.

प्राधिकरणाने स्वतः हा करार खाजगी मानलेला नाही. भाडं थकवणाऱ्या विकासकांमुळे हजारो कुटुंबं हवालदिल झाली, प्रकरणं उच्च न्यायालयात गेली, आणि २०२३ साली प्राधिकरणाने परिपत्रक काढून विकासकांना दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करणं आणि पुढच्या काळासाठी पुढच्या तारखांचे चेक देणं बंधनकारक केलं. भाडं किती काळाचं, कधी आणि कसं द्यायचं हे प्राधिकरण ठरवू शकतं, तर कुटुंब फुटल्यावर ते कुणाच्या हातात द्यायचं हेही ठरवू शकतं. हा अधिकार नाही असं म्हणण्याआधी २०२३ चं परिपत्रक कोणत्या अधिकाराने काढलं ते सांगावं लागेल.

आणि ‘तिसरा माणूस’ हा शब्द तर इथे लागूच होत नाही. नियम ३३(१०) च्या परिशिष्टात लिहिलं आहे, की पुनर्वसनात मिळणारं घर झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या संयुक्त मालकीचं असेल, आणि सोसायटीच्या दप्तरात, भागप्रमाणपत्रावर आणि बाकी सगळ्या कागदांवर तशी नोंद होईल. एवढंच नव्हे, तर ती तशी झाली आहे असंच मानलं जाईल. ‘मानलं जाईल’ या शब्दांमागे अनुभव आहे. नोंद करायला कुणी टाळाटाळ केली तरी हक्क बुडू नये म्हणून ते घातलेले आहेत. १९९१ च्या नियमावलीतली ही तरतूद २०३४ च्या नियमावलीतही कायम ठेवली आहे. मग घर मिळेल तेव्हा जी बाई सहमालक आहे, ती घराची वाट बघताना परकी कशी ठरते? भाडं ही त्या घराच्या बदल्यात, ते घर तयार होईपर्यंत दिलेली रक्कम आहे. घरावर ज्यांचा हक्क, त्या दोघांचा भाड्यावर हक्क. माझं सगळं म्हणणं या एका ओळीवर उभं आहे, आणि ती ओळ मी नियमातूनच घेतली आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य भाषेत केला जातो. हे कौटुंबिक भांडण आहे, कुणाची चूक हे आम्ही कसं ठरवणार, त्यासाठी न्यायालयं आहेत, तिथे जा.

न्यायालयं आहेत आणि कायदाही चांगला आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात ‘सामायिक घर’ म्हणजे केवळ मालकीचं घर असं नाही. भाड्याचं घरही त्यात येतं, करार दोघांच्या नावे असो की एकाच्या. कलम १७ बाईला त्या घरात राहण्याचा हक्क देतं. कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्याला सांगू शकतो, की तिला पूर्वीच्याच दर्जाची दुसरी जागा मिळवून दे नाहीतर त्या जागेचं भाडं भर. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंदर आहुजा प्रकरणात सामायिक घराचा अर्थ आकसून टाकणारा २००६ चा आपलाच निकाल बाजूला सारला, आणि २०२२ साली प्रभा त्यागी प्रकरणात हा राहण्याचा हक्क आणखी पक्का केला.

तरीही ‘कोर्टात जा’ हे उत्तर पुरेसं नाही, आणि कारण अगदी साधं आहे. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा अशी अपेक्षा लिहिलेली आहे. ज्यांनी अंधेरीच्या न्यायालयात किंवा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात तारखांसाठी बाकावर दिवस काढले आहेत, त्यांना अपेक्षा आणि वास्तव यांच्यातलं अंतर ठाऊक आहे. ज्याचा पत्ता नाही त्याच्यावर समन्स बजावायचं कसं? प्रत्येक तारखेला तीन घरच्या कामांची सुट्टी, म्हणजे तीन घरचा पगार कापला जाणार. खोलीचा मालक मात्र समन्स बजावलं जाईपर्यंत थांबत नाही. दरम्यान चेक नवऱ्याच्या खात्यात वटतच असतात, आणि आदेश हातात येतो तेव्हा वसूल करायला खात्यात काही उरलेलं नसतं.

शिवाय चूक कुणाची हे ठरवायला प्राधिकरणाला कुणी सांगतच नाही. तो प्रश्न न्यायालयाचाच आहे आणि तिथेच राहू द्यावा. प्राधिकरणाला बघायचं आहे ते इतकंच, की ज्या कुटुंबाला भाडं मंजूर आहे त्या कुटुंबातलं कोण आज भाड्याच्या जागेत राहतं आहे आणि भाडं भरतं आहे. ही वस्तुस्थितीची चौकशी आहे. ॲनेक्शर टू करताना घरोघरी जाऊन हीच चौकशी केली होती, कोण राहतं, किती वर्षं राहतं, पुरावा काय. तेव्हा जमली ती आता जमत नाही असं कसं म्हणता येईल?

पात्र माणूस इमारत होण्याआधी वारला, तर वारसाचं नाव लावण्याची वाट आहे. भाडे नियंत्रण कायद्यातही भाडेकरू मेल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानलं जातं. म्हणजे नवरा वारला तर बाईचा मार्ग मोकळा आहे. जिवंत राहून निघून गेला तर तिच्यासाठी अशी ठरलेली वाट नाही. खोलीचं भाडं दोन्ही बाबतीत तिच्याच अंगावर पडतं.

या पोकळीकडे सर्वोच्च न्यायालयाचं लक्ष फार पूर्वी गेलं आहे. २००५ साली बी. पी. अचला आनंद विरुद्ध एस. अप्पी रेड्डी या प्रकरणात प्रश्न असा होता, की भाडेकरू नवरा घर सोडून गेला, घरमालकाने घर खाली करण्याचा दावा लावला आणि नवरा तो लढतच नाही; मग घरात राहणाऱ्या त्यागलेल्या बायकोने गप्प राहायचं का? न्यायालय म्हणालं, नाही. नवऱ्याने दावा सोडून दिला असेल तर त्याच्या जागी उभं राहून तिला लढता येईल. तिचा हक्क नवऱ्यापेक्षा मोठा नसेल, पण त्याच्याइतका असेल. निकालाची मर्यादाही मी लपवत नाही. हा हक्क विवाह टिकून असेतोवरचा आहे असं न्यायालयाने धरलं, आणि त्या प्रकरणात घटस्फोट झालेला असल्याने त्या बाईला त्याचा उपयोग झाला नाही. पण तत्त्व स्पष्ट आहे. सोबतचा भाडेकरू निघून गेला म्हणून मागे राहिलेलं माणूस आपोआप बेदखल होत नाही. भाड्याच्या खोलीतल्या बाईला जे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, ते पुनर्वसनाच्या घराच्या सहमालकिणीला नाकारायला कुठलाही आधार नाही.

इथे ब्रिटनमधला एक नियम सांगण्यासारखा आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या माणसाला घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते. २००६ च्या त्यांच्या हाउसिंग बेनिफिट नियमावलीत अशी सोय आहे, की भाडं देण्याची जबाबदारी ज्याची आहे तो ते देत नसेल, आणि घरात राहायचं तर मागे राहिलेल्या पूर्वीच्या जोडीदाराला ते देणं भाग असेल, तर भाड्याची जबाबदारी तिचीच आहे असं मानून तिला मदत द्यायची. करारावर तिचं नाव आहे की नाही हा प्रश्न आड येऊ द्यायचा नाही. निघून गेलेल्याला शोधून आणा, मग बघू, असं तिथलं कार्यालय म्हणत नाही. चुकांचा निवाडा करण्याच्या भानगडीतही ते पडत नाही. घरात कोण आहे आणि भाडं कुणाला भरावं लागतं आहे, या दोन गोष्टी ते तपासतं.

यावर लगेच उत्तर येतं, की ती श्रीमंत देशांची कल्याणकारी थेरं आहेत, आपल्याकडे असं चालत नाही, तिजोरीवर भार पडेल. पण मी ज्या पैशाबद्दल बोलते आहे तो तिजोरीतला नाहीच. चटईक्षेत्राच्या बदल्यात विकासकाने द्यायचा तो पैसा आहे, आणि तो आजही दिला जातो आहे. घर एक, भाडं एक. चेकवरचं नाव बदलल्याने कुणाचा एक रुपयाही वाढत नाही. आणि आपल्याकडे असं चालतं. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या बायकांचा समावेश आहे. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्या बरोबरीने परित्यक्ता स्त्री हा वेगळा गट लिहून ठेवला आहे, आणि महिन्याचे १,५०० रुपये थेट तिच्या स्वतःच्या खात्यात जातात. म्हणजे नवऱ्याने सोडलेली बाई ओळखता येते आणि तिच्या खात्यात पैसे टाकता येतात, हे याच राज्य सरकारने करून दाखवलं आहे. १,५०० रुपयांसाठी जी ओळख पटते, ती त्याहून कितीतरी मोठ्या भाड्यासाठी पटत नाही, हे मान्य करता येणार नाही.

खरं तर हा लढा महाराष्ट्राला नवा नाही. टाकलेल्या बायकांचा प्रश्न हा घरगुती दुर्दैवाचा नाही, तो हक्काचा आहे, हे या राज्यात चळवळींनी शिकवलं. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली, ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. सांगली-सातारा पट्ट्यात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने याच बायकांना संघटित केलं. त्यांच्या मागण्या आज वाचल्या तर अगदी रोजच्या वाटतात: स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा. तेव्हाही कचेऱ्यांमधून असंच सांगितलं जाई, की कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावाने निघतं, बाई वेगळी राहत असली तरी. ती पद्धत मोडावी लागली आणि मोडली गेली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावावर जमिनी केल्या. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. नियम ३३(१०) मधली संयुक्त मालकीची ओळ मी याच वातावरणातून उगवलेली मानते. नव्वदच्या दशकात एवढं पुढे आलेलं राज्य तीस वर्षांनी चेकवर कुणाचं नाव टाकायचं या प्रश्नापाशी अडून बसावं, याची मला चीड येते.

तिसरा युक्तिवाद गैरवापराचा. बायका नवऱ्याला बाहेर काढतील आणि भाडं लाटतील, किंवा दोघं मिळून खोटं भांडण दाखवून दोन भाडी मागतील. दोन भाड्यांचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण मंजूर रक्कम एकच आहे. नवऱ्याला बाहेर काढल्याचं म्हणाल, तर त्याला नोटीस जाईल, तो येईल, आपली बाजू मांडेल. तो खरंच बाहेर फेकला गेला असेल आणि दुसऱ्या खोलीत भाडं भरत असेल, तर रक्कम विभागून द्यावी. मुलं कुणाकडे आहेत हे बघून वाटा कमी-जास्त करावा. यात अवघड काय आहे? आजच्या पद्धतीत मात्र गैरवापराला पूर्ण मुभा आहे. कुटुंबाच्या निवाऱ्यासाठीचा पैसा एक माणूस स्वतःसाठी खर्च करतो आणि त्याला कुणी एक प्रश्नही विचारत नाही.

याच ओघात वर्सोव्यात हमखास ऐकू येणारी एक तुलना आहे. यारी रोडच्या फ्लॅटमध्ये सिनेमात काम शोधणारी तीन-चार मुलं मिळून लिव्ह ॲण्ड लायसन्सवर राहतात, त्यातला एक निघून जातो, मग बाकीच्यांनाच पूर्ण भाडं भरावं लागतं, त्यांना कोण मदत करतं? त्यांची अडचण खरी आहे, आणि डिपॉझिटच्या भांडणात अनेक जण भरडले जातात. पण ती मुलं नवा साथीदार शोधू शकतात, लहान जागेत जाऊ शकतात, आणि त्यांचं स्वतःचं घर कुणी सरकारी योजनेखाली पाडलेलं नाही. झोपडीतल्या बाईने आपलं राहतं घर रिकामं करून दिलं, ते पाडलं गेलं, आणि त्याची भरपाई म्हणून हे भाडं ठरलं. तिच्यासाठी कुणी मदत मागत नाही. तिचं देणं तिला द्या, इतकीच मागणी आहे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. गेलेला प्रत्येक पुरुष पळपुटा नसतो. कुणी जहाजावर असतो, कुणी आखातात, कुणी आजारी आईसाठी गावी, कुणी व्यसनात किंवा आजारात हरवलेला. त्याचा हक्क एका अर्जावर पुसला जाता कामा नये. बरोबर आहे. म्हणूनच मी घराच्या मालकीला हात लावायला सांगत नाही. नवं घर दोघांच्या नावे होईल, त्यातला त्याचा वाटा तसाच राहील, उद्या परतला तर तो घरात हक्काने येईल. कामासाठी बाहेर असलेला आणि घरी पैसे पाठवणारा नवरा असेल, तर बाई अर्जच करणार नाही. प्रश्न फक्त मधल्या काळातल्या भाड्याचा आहे. जिथे तो राहतच नाही त्या जागेच्या भाड्याचे पैसे त्याच्याकडे जाण्याने त्याच्या मालकीचं कोणतंही रक्षण होत नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्राधिकरणाने एक परिपत्रक काढावं. भाड्याच्या करारावर पहिल्या दिवसापासून पती-पत्नी दोघांची नावं आणि सह्या असाव्यात. भाडं संयुक्त खात्यात किंवा दोघांनी लिहून दिलेल्या खात्यात जावं. एकाने जागा सोडल्याचा अर्ज आला, की ठरावीक दिवसांत जागेवर पंचनामा व्हावा, दुसऱ्याला नोटीस जावी, आणि निर्णय होईपर्यंत पुढचे चेक राहत्या जागेचं भाडं भरणाऱ्याकडे वळवावेत किंवा प्राधिकरणाकडे जमा राहावेत. लग्न नोंदलेलं नाही, आडनाव बदललेलं नाही, अशा कारणांवरून अर्ज अडवू नये. रेशनकार्ड आणि मुलांचे शाळेचे दाखले पुरावा म्हणून घ्यावेत. निर्णय मान्य नसेल त्याला तक्रार निवारण समितीकडे जाता यावं.

तोपर्यंत वर्सोव्यातल्या आणि उपनगरांतल्या ज्या वस्त्यांमध्ये करार व्हायचे आहेत, तिथल्या बायकांना माझं सांगणं आहे, की स्वतःचं नाव घातल्याशिवाय झोपडी रिकामी करू नका. कमिटीच्या सभेत हा ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. चेक सुरू झालेले असतील आणि नवरा निघून गेला असेल, तर वांद्रे पूर्वेला प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, विकासकालाही प्रत द्या आणि दोन्हीकडे पोच घ्या. तोंडी बोलण्याची कुठेही नोंद राहत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

आणि वकिलांना एक विनंती. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० चं सहावं उपकलम या कामासाठी वापरा. आर्थिक मदतीचा आदेश होऊनही नवरा पैसे देत नसेल, तर त्याच्या मालकाला किंवा त्याचं देणं लागणाऱ्या कुणालाही ती रक्कम थेट बाईला द्यायला सांगण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. भाडं देणारा विकासक हा त्या नवऱ्याचं देणं लागणारा आहे. अर्जात त्याचं नाव घाला, योजनेचं आशयपत्र आणि भाड्याचा करार जोडा, आणि पुढचे चेक बाईच्या नावाने काढण्याचा आदेश मागा.